पिवळ्या निशाणाची आज्ञा

२०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात दिल्लीनजीक ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली ‘ग्रां प्री’ मोटार-शर्यत भरली. मुख्य शर्यत रविवारी, ३० तारखेस व्हावयाची होती. त्यापूर्वी शुक्रवारी चालकांचा सराव झाला. सराव चालू असता शर्यतपथाच्या एका भागात दुहेरी पिवळी निशाणे हलविली जात होती. लुईस हॅमिल्टन आणि सर्जिओ पेरेझ हे दोन चालक त्या भागातून गेले, परंतु निशाणांचा योग्य तो मान राखून त्यांनी वेग कमी केला नाही, असा निष्कर्ष पंचांनी काढला. दोघांनाही प्रारंभरांगेत तीन-तीन जागा मागे जाण्याची शिक्षा झाली. हॅमिल्टनने दुसऱ्या दिवशीच्या पात्रता फेरीत दुसरा क्रमांक मिळविला. तरी रविवारी शर्यत सुरू होताना तो पाचव्या जागी उभा होता.

ह्या दोघांच्या वेगामुळे त्या शुक्रवारी कोणासही इजा झाली नव्हती. कोणाची मोटार मोडली नव्हती, की कोणाचा हक्काचा क्रमांक हिरावला गेला नव्हता. तेव्हा शर्यत पाहावयास आलेल्या एखाद्या नवख्या प्रेक्षकाने असे विचारले असते, की ज्या कृत्याने कोणाचेही नुकसान झाले नाही त्याला शिक्षा कशासाठी, तर त्याचा प्रश्न अगदीच गैरवाजवी ठरला नसता. मोटार-शर्यतीच्या जगाला ह्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. परंतु ते ठामपणे अंमलात आणावयास त्या जगाला पुष्कळ वर्षे लागली, आणि त्याची किंमतही फार मोठी पडली.

आगगाडीच्या सिग्नलाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. एखाद्या इंजिनचालकाने लाल सिग्नल ओलांडून गाडी पुढे नेली, आणि सुदैवाने समोरच्या रुळावर दुसरी गाडी नव्हती, तरी त्याची चौकशी टळत नाही. रेल्वेचे अधिकारी समोर गाडी होती की नव्हती हे नंतर विचारतात. सिग्नल कोणता होता हे आधी विचारतात. ज्याला पुढचे दिसत नाही त्याने ज्याला दिसते त्याच्या खुणेवर विश्वास ठेवावयाचा, ह्या एका करारावर सारी वाहतूक चालते. करार एकदा मोडला आणि निभावले, म्हणून तो मोडण्यास योग्य होता असे सिद्ध होत नाही.

शर्यतपथावर हा करार निशाणांच्या भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा मोठी सुटसुटीत आहे. हिरवे निशाण म्हणजे पुढील मार्ग मोकळा. निळे म्हणजे मागून अधिक वेगाची मोटार येत आहे. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचे म्हणजे रस्ता निसरडा झाला आहे. तांबडे म्हणजे शर्यत वा सराव थांबविण्यात आला आहे. काळे निशाण एका विशिष्ट चालकासाठी असते. त्याबरोबर त्याच्या मोटारीचा क्रमांक दाखविला जातो, आणि ते दिसताच त्याने पथ सोडून आपल्या तळावर, म्हणजे ज्याला पिट म्हणतात तेथे, परतावयाचे असते. काळ्या निशाणावर नारिंगी वर्तुळ असेल तर मोटारीत धोक्याचा बिघाड आहे असे समजावयाचे.

ह्या सर्वांत पिवळ्या निशाणाचे स्थान वेगळे आहे. ते धोक्याचे निशाण होय. एक पिवळे निशाण हलताना दिसले, की चालकाने वेग कमी करावयाचा, कोणासही मागे टाकावयाचे नाही आणि दिशा बदलण्याच्या तयारीत राहावयाचे. दोन निशाणे एकदम हलत असली तर अर्थ अधिक गंभीर होतो. मार्ग पूर्णपणे वा अंशतः अडला आहे, किंवा पथावर वा त्याच्या कडेला माणसे काम करीत आहेत. वेग पुष्कळच कमी करावा आणि प्रसंगी थांबण्याचीही तयारी ठेवावी.

ही माणसे कोण, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा इतिहास नीट उलगडत नाही. निशाण हलविणारा, बंद पडलेली मोटार ढकलणारा, आग विझविणारा, पथावरील काचा व तुकडे उचलणारा, ह्या सर्वांस मार्शल असे म्हणतात. त्यांपैकी बहुतेक स्वयंसेवक असतात. चालकाभोवती कठीण कवचाची मोटार असते, डोक्यावर शिरस्त्राण असते, अंगावर आगीपासून रक्षण करणारा पोशाख असतो. पथावर धावत जाणाऱ्या मार्शलजवळ चालकाच्या विवेकाखेरीज दुसरे कवच नसते. ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८३ मीटर अंतर कापते. वळणापलीकडचा मनुष्य चालकाला दिसेपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते.

दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे ५ मार्च १९७७ रोजी हे भयंकर रीतीने दिसून आले. रेन्झो झोर्झी ह्या चालकाची मोटार पथाच्या एका कडेस बंद पडून तिने किंचित पेट घेतला. समोरच्या बाजूने दोन मार्शल आग विझविण्यासाठी पथ ओलांडून धावले. त्या ठिकाणी रस्त्याला चढाव होता, आणि चढावापलीकडून येणाऱ्या मोटारी त्यांस दिसत नव्हत्या. एक जण पार गेला. दुसरा, अवघ्या एकोणीस वर्षांचा तरुण, टॉम प्राइस ह्या चालकाच्या मोटारीखाली सापडला. त्याच्या हातातील आग विझविण्याचे जड नळकांडे प्राइसच्या मस्तकावर आदळले. दोघेही जागच्या जागी मरण पावले. ह्यात प्राइसकडे कोणताच दोष नव्हता. त्याने कोणतीही सूचना डावललेली नव्हती. परंतु वेगात असलेली मोटार आणि पायी असलेला मनुष्य एकाच पथावर आले म्हणजे काय होते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. पिवळे निशाण ह्याच भेटीच्या क्षणासाठी असते.

असे असूनही सूचना डावलल्याबद्दल कोणास, केव्हा आणि किती शिक्षा द्यावी, ह्याविषयी शर्यतीच्या नियंत्रकांचे धोरण दीर्घकाळ डळमळीत राहिले. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील १९८१ सालची ५०० मैलांची शर्यत हे त्याचे बोलके उदाहरण आहे. त्या शर्यतीत पिवळी सूचना चालू असता बॉबी अन्सर आणि मारिओ आंद्रेत्ती हे दोघेही पिटमध्ये जाऊन बाहेर पडले. पथावर परत येताना आपल्या योग्य जागी रांगेत शिरावयाचे, असा नियम होता. अन्सरने तसे न करता कडेच्या पट्टीवरून पुढे जात रांगेतील अनेक मोटारी मागे टाकल्या. शर्यत चालू असताना पंचांनी त्यास काहीच शिक्षा केली नाही. २४ मे रोजी अन्सर प्रथम आला आणि विजेता म्हणून त्याचा सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकृत निकाल लागला, तेव्हा अन्सरची एक फेरी कापण्यात येऊन आंद्रेत्तीस विजयी ठरविण्यात आले.

प्रकरण तेथे मिटले नाही. अन्सरच्या बाजूने अपील झाले. तीन सदस्यांच्या मंडळाने ऑक्टोबर महिन्यात, दोन विरुद्ध एक अशा मतांनी, विजय पुन्हा अन्सरच्या पदरात टाकला आणि त्यास ४०,००० डॉलर दंड केला. चूक घडली तेव्हाच तिची दखल घ्यावयास हवी होती, असा ह्या निर्णयामागील विचार होता. म्हणजे अन्सरने नियम मोडला हे मान्य झाले, परंतु त्याची फेरी त्यास परत मिळाली. एका वर्षाच्या शर्यतीस पाच महिन्यांत दोन विजेते लाभले. उशिरा मिळालेला न्याय हा अन्यायासारखाच दिसू लागतो, आणि सूचना मोडल्याची शिक्षा पैशाने फेडता येते असाही समज त्यातून पसरण्यास वाव राहतो.

ह्यानंतर आठ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९८९ रोजी, पोर्तुगालमधील एस्टोरिल येथे निराळाच पेच उभा राहिला. फेरारी मोटारीचा चालक नायजेल मॅन्सेल पिटमध्ये शिरताना आपल्या जागेच्या पुढे निघून गेला आणि त्याने मोटार उलट दिशेने मागे घेतली. पिट-मार्गिकेत असे करण्यास मनाई आहे. त्यास बाद करण्यात आले, आणि काळे निशाण दाखविण्यात आले. तरीही मॅन्सेल धावतच राहिला. निशाण तीन फेऱ्यांत दाखविले गेले. तेवढ्यात पहिल्या वळणावर त्याची मोटार आयर्टन सेना ह्याच्या मोटारीस भिडली आणि दोघेही शर्यतीबाहेर फेकले गेले. सेना त्या वर्षी ॲलेन प्रॉस्टविरुद्ध जगज्जेतेपदासाठी झुंजत होता. ज्या चालकाने पथावर असावयासच नको होते, त्याच्यामुळे सेनाचे हक्काचे गुण गेले. आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद अखेर प्रॉस्टकडे गेले.

मॅन्सेलचे म्हणणे असे, की सूर्य डोळ्यांवर होता, समोर अगदी जवळ सेनाची मोटार होती, आणि निशाण आपल्याला दिसलेच नाही. ही सबब खोटी होती असे कोणी सिद्ध केले नाही. तशा वेगात, तशा प्रकाशात निशाण न दिसणे अशक्य नाही. तथापि पंचांपुढे प्रश्न निराळा होता. ‘दिसले नाही’ हे उत्तर एकदा पुरेसे मानले, तर उद्या कोणत्याच निशाणास अर्थ उरणार नाही. कारण चालकाच्या डोळ्यांत शिरून पाहणे कोणासही शक्य नाही. म्हणून मॅन्सेलला ५०,००० डॉलर दंड झाला आणि स्पेनमधील पुढच्या शर्यतीत भाग घेण्यास मनाई झाली. निशाण पाहणे हे चालकाचे केवळ भाग्य नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व ह्या शिक्षेने पुष्कळसे स्थिर केले.

सूचना दिसूनही ती मानावयाची की नाही ह्याविषयी पंचांशी वाद घालावयाचा, ही पुढची पायरी १० जुलै १९९४ रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे गाठली गेली. प्रत्यक्ष शर्यतीपूर्वी सर्व मोटारींनी आपापल्या क्रमाने एक संथ फेरी घालावयाची असते. त्या फेरीत मायकेल शूमाकर ह्याने अग्रस्थानी असलेल्या डेमन हिलला मागे टाकले. त्याबद्दल त्यास पिटमध्ये येऊन पाच सेकंद थांबण्याची शिक्षा फर्माविण्यात आली. त्याच्या बेनेटन संघाने शिक्षेचा अर्थ आणि ती कळविण्याची पद्धत ह्यांवर वाद उपस्थित केला, आणि शूमाकर आत आला नाही. मग काळे निशाण दाखविले गेले. तेही त्याने मानले नाही. संघाचे प्रमुख अधिकाऱ्यांशी बोलत होते, आणि त्यांचा चालक फेऱ्यामागून फेऱ्या घालीत होता. अखेर त्यास पाच सेकंदांची मूळ शिक्षा भोगू देण्यात आली आणि शर्यतीत तो दुसरा आला. प्रथम केवळ २५,००० डॉलर दंडावर हे प्रकरण निभावले असे वाटले.

परंतु आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या जागतिक मंडळाने २६ जुलै रोजी ह्या प्रकरणाचा पुनर्विचार केला. शूमाकरचे दुसरे स्थान रद्द झाले, त्याबरोबर त्याचे सहा गुण गेले, दोन शर्यतींची बंदी आली आणि संघाला अधिकाऱ्यांची आज्ञा डावलल्याबद्दल ५ लाख डॉलर दंड झाला. ऑगस्टअखेर अपील फेटाळले गेले, आणि शूमाकर इटली व पोर्तुगाल येथील शर्यतींत उतरू शकला नाही. त्या दोन्ही शर्यती हिलने जिंकल्या. त्या वर्षाच्या शेवटी शूमाकरचे ९२ आणि हिलचे ९१ गुण झाले. एका गुणाने जगज्जेतेपद ठरले. ही शिक्षा अतिरिक्त कठोर होती असे म्हणणारे पुष्कळ होते. अवघ्या पाच सेकंदांच्या चुकीसाठी हंगामाचा मोठा भाग हातातून जावा, हे प्रमाणाला सोडून आहे असे त्यांस वाटे. पण शिक्षा पाच सेकंदांच्या चुकीची नव्हती. धावत्या मोटारीतून पंचाशी वाटाघाटी करता येतात, ह्या कल्पनेस ती शिक्षा होती. निशाण दाखविणाऱ्याचे म्हणणे चूक असेल तर थांबून तक्रार करावी. न थांबता तक्रार करण्याचा हक्क कोणासही नाही.

आतापर्यंतच्या ह्या प्रकरणांत क्रमांक, गुण आणि पैसा ह्यांचा प्रश्न होता. १९९७ साली जपानमधील सुझुका येथे पुन्हा पिवळ्या निशाणाचा, म्हणजे धोक्याचा प्रश्न पुढे आला. जॅक व्हिलनव्ह हा चालक तेव्हा शूमाकरच्या नऊ गुणांनी पुढे होता. सराव चालू असता पथाशेजारी एक मोटार बंद पडली होती आणि पिवळी निशाणे हलत होती. व्हिलनव्हने वेग कमी केला नाही. तसे न करणारे आणखीही काही चालक होते, आणि स्वतः शूमाकर त्यांत होता. इतरांना स्थगित शिक्षा देऊन सोडण्यात आले. परंतु व्हिलनव्हने त्याच हंगामात हाच अपराध पूर्वीही केला होता आणि त्याच्या शिरावर एक स्थगित शिक्षा आधीच टांगलेली होती. त्यामुळे त्यास शर्यतीतून वगळण्यात आले. अपील करून तो शर्यतीत उतरला आणि पाचवा आला. पुढे अपील मागे घेण्यात आले आणि त्याचे दोन गुण गेले. शूमाकर त्या दिवशी विजयी झाला. नऊ गुणांची आघाडी एका रविवारी नाहीशी होऊन व्हिलनव्ह एका गुणाने मागे पडला. शेवटच्या शर्यतीत त्याने जगज्जेतेपद मिळविले ही गोष्ट निराळी.

सुझुकाच्या ह्या प्रसंगी एक कटू सत्य उघड झाले, परंतु त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. पिवळ्या निशाणाखाली वेग कमी न करणे हा एखाद्या उद्दाम चालकाचा अपवादात्मक अपराध नव्हता. ती पुष्कळांची सवय झाली होती. ह्याचे कारणही उघड आहे. एकट्याने वेग कमी केला तर त्याचाच वेळ जातो, आणि जो कमी करीत नाही त्याचा फायदा होतो. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून आपला पाय थोडासाच उचलतो. नियमात ‘वेग कमी करा’ एवढेच म्हटले होते. किती कमी करा, हे सांगितलेले नव्हते. जोपर्यंत हे चालकाच्या मर्जीवर होते, तोपर्यंत शिक्षा कितीही कडक असली तरी ती अपराध घडून गेल्यावर येणारी होती.

त्याच सुझुका पथावर ५ ऑक्टोबर २०१४ रोजी ह्या उणिवेचा हिशेब चुकता झाला. पाऊस पडत होता आणि दिवस मावळतीकडे झुकला होता. एड्रियन सुटिल ह्याची मोटार एका वळणावर घसरून बाहेर गेली. ती उचलण्यासाठी एक अवजड यंत्रवाहन पथाच्या कडेस आणण्यात आले, आणि तेथे दुहेरी पिवळी निशाणे हलविली जात होती. पुढच्याच फेरीत ज्यूल्स बियांकी हा पंचवीस वर्षांचा फ्रेंच चालक त्याच जागी आला. ताशी २१३ किलोमीटर वेगावर त्याचा ताबा सुटला, आणि ताशी १२६ किलोमीटर वेगाने त्याची मोटार त्या यंत्रवाहनाखाली शिरली. बियांकी पुन्हा शुद्धीवर आला नाही. नऊ महिन्यांनंतर, १७ जुलै २०१५ रोजी त्याचा अंत झाला. १९९४ साली सेना गेला, त्यानंतर फॉर्म्युला वन शर्यतीतील अपघाताने मरण आलेला हा पहिला चालक.

महासंघाने नेमलेल्या चौकशी मंडळाने बियांकीने वेग पुरेसा कमी केला नव्हता असे नमूद केले. हा निष्कर्ष वाचून मृतास दोष देण्याचा मोह कोणास होऊ नये. बियांकीने जे केले ते त्याच्या भोवतीच्या जगात वर्षानुवर्षे चालत आलेले होते. त्याच निशाणांखालून इतरही चालक गेले होते, आणि सुदैवाने पार पडले होते. म्हणूनच ह्या अपघाताने शर्यतीच्या नियंत्रकांस जो धडा दिला तो एका चालकाविषयी नव्हता, तर शिक्षेच्या मर्यादेविषयी होता. शिक्षेचे भय चालकाला सावध करू शकते. परंतु भोवतालचे सर्वच थोडेफार नियम मोडीत असतील तर भय बोथट होते.

ह्यावर २०१५ सालापासून एक नवी व्यवस्था योजण्यात आली. पथावर धोका उद्भवला की नियंत्रण-कक्षातून एकाच वेळी सर्व मोटारींना संदेश जातो, आणि प्रत्येक चालकाने पथाचा प्रत्येक भाग ठराविक किमान वेळेपेक्षा लवकर ओलांडावयाचा नाही, असा निर्बंध लागू होतो. प्रत्येकाच्या समोरील पट्टीवर तो वेळ दिसत असतो. ह्या व्यवस्थेस ‘आभासी सुरक्षा-मोटार’ असे नाव आहे. म्हणजे पुढे प्रत्यक्ष मोटार चालवून सर्वांचा वेग आवरावयाचा तो केवळ आकड्यांनी आवरावयाचा. हिचा सर्वांत मोठा गुण असा, की वेग सर्वांचाच सारख्या प्रमाणात कमी होतो आणि सावधपणे चालविणाऱ्याचे नुकसान होत नाही. ‘किती कमी करावयाचा’ ह्या प्रश्नास अखेर आकड्यात उत्तर मिळाले.

तरीही साधे पिवळे निशाण नाहीसे झाले नाही, आणि त्याबरोबर जुना वादही नाहीसा झाला नाही. २०१६ साली हंगेरीत निको रॉसबर्ग ह्याने दुहेरी पिवळ्या निशाणांच्या भागातून जात असतानाही पात्रता फेरीत अग्रस्थान मिळविले. त्याने त्या भागात वेग स्पष्टपणे कमी केला होता, असे नोंदींवरून दिसले, म्हणून त्यास शिक्षा झाली नाही. परंतु धोक्याच्या सूचनेखालून जाऊनही सर्वांत जलद वेळ नोंदविता येतो, ही गोष्ट अनेकांस खटकली.

२०१९ साली मेक्सिकोत मॅक्स व्हर्स्टापेन ह्याने ह्या वादास वेगळे वळण दिले. पात्रता फेरीच्या अखेरीस व्हाल्टेरी बोटास ह्याची मोटार शेवटच्या वळणावर भिंतीवर आदळली. त्या धडकेत तारा तुटल्यामुळे तेथील पिवळा दिवा पेटला नाही; मात्र मार्शलच्या हातातील निशाण हलत होते. व्हर्स्टापेनने पाय न उचलता फेरी पूर्ण केली, आणि नंतर वार्ताहरांपुढे बोटासची मोटार आपण पाहिली होती व वेग कमी केला नव्हता, हे स्वतःच सांगून टाकले. अग्रस्थान त्याला त्यापूर्वीच्या फेरीनेच मिळालेले होते. म्हणजे जी फेरी त्याने धोक्यात धावून पूर्ण केली तिची त्याला गरजही नव्हती. तीन जागा मागे जाऊन त्याने चौथ्या जागेवरून शर्यत सुरू केली.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, कतार येथे हीच गोष्ट अधिक तीव्रतेने घडली. व्हर्स्टापेन आणि हॅमिल्टन ह्यांच्यात त्या वर्षी जगज्जेतेपदासाठी इतकी अटीतटीची लढत होती, की तिचा निकाल डिसेंबरमधील शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत लागला. कतारच्या पात्रता फेरीत पिएर गास्ली ह्याची मोटार मुख्य सरळ रस्त्यावर थांबली होती. व्हर्स्टापेन आला तेव्हा दुहेरी पिवळी निशाणे हलत होती. मोटारीतील दर्शकावर मात्र तशी सूचना उमटली नव्हती. पंचांनी त्यास पाच जागांची शिक्षा दिली. एकेरी निशाण डावलल्याबद्दल बोटासला तीन जागांची शिक्षा झाली. ज्याने निशाण पाहून वेग कमी केला असे दिसले त्या कार्लोस साइन्झला काहीही शिक्षा झाली नाही. व्हर्स्टापेनच्या संघाचे प्रमुख क्रिस्टियन हॉर्नर ह्यांनी संतापाच्या भरात निशाण हलविणाऱ्या मार्शललाच बेताल ठरविले. त्याबद्दल पंचांनी त्यांस बोलावून अधिकृत ताकीद दिली, आणि हॉर्नर ह्यांना क्षमा मागावी लागली.

ह्या ताकिदीचे महत्त्व पाच जागांच्या शिक्षेहून कमी नाही. दिवे, दर्शक, उपग्रह आणि संगणक ह्यांच्या युगात, यंत्र गप्प असताना कडेला उभ्या असलेल्या एका स्वयंसेवकाने आपल्या डोळ्यांनी धोका पाहिला आणि हातातील निशाण हलविले. नियमाप्रमाणे ते निशाण दिव्याइतकेच बंधनकारक होते. जगज्जेतेपदाची लढत चालू आहे, म्हणून त्या निशाणाचे वजन कमी होत नाही, हे पंचांनी एका वाक्यात सांगितले नसेल, पण आपल्या निर्णयाने सांगितले.

ग्रेटर नोएडा येथील त्या शुक्रवारच्या प्रश्नाचे उत्तर आता शोधावे लागत नाही. सूचना डावलण्याचा अपराध शंभरदा घडतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच होत नाही. मोटार निघून जाते, मार्शल बाजूला सरतो, निशाण खाली येते. शिक्षा जर केवळ परिणामावरून ठरवावयाची, तर ह्या सर्व वेळा अपराधी सुटेल, आणि ज्या एका वेळी अनर्थ घडेल त्या वेळी शिक्षा देण्यासारखे काही उरणार नाही. बियांकीला कोणता पंच किती जागा मागे सरकविणार होता? म्हणून ज्या वेळी काहीच घडत नाही, त्याच वेळी शिक्षा द्यावी लागते. तीन जागा, पाच जागा, दोन गुण ही नुकसानाची भरपाई नव्हे. वळणापलीकडे वाकून काच उचलणाऱ्या, चालकाला कधीही न दिसलेल्या एका माणसास दिलेल्या वचनाची ती राखण आहे.

२०११ साली हॅमिल्टन आणि पेरेझ ह्यांनी तीन जागा गमाविल्या. त्याच वर्षी आणि त्याच पथावर निशाणे हलविणारे, मोटारी ढकलणारे आणि तुकडे वेचणारे मार्शल आपले काम संपवून रविवारी सायंकाळी घरोघर परतले. त्यांची नावे निकालाच्या पत्रकात छापली जात नाहीत. परंतु शिक्षेचे ते दोन आदेश त्यांच्याच नावे लिहिलेले होते.